मगदुमांचे थंड कपाट

१६ फेब्रुवारी १९४७, सांगली

रेफ्रिजरेटर आज दुपारी सुखरूप घरी पोहोचला. पाचगणीचा साहेब कायमचा विलायतेला निघाला आहे. त्याने बंगल्यातले सामान विकायला काढले तेव्हा बाकीचे लोक खुर्च्या आणि आरसे निरखत होते. मी एकटा स्वयंपाकघरात शिरलो आणि या पांढऱ्या कपाटाचे दार उघडले. आत बर्फ होता. हातात घेतला तर बोटांना चिकटला. तिथेच माझा निश्चय झाला.

ट्रकमध्ये हंबीरराव कपाटाला मिठी मारून बसला होता. हंबीरराव म्हणजे आमच्या हरिपूरच्या, जमिनीखाली हळद साठवायच्या पेवांवरचा राखणदार. गडी पाटणकडचा, लढाईत इराकला जाऊन आलेला. म्हणाला, "आण्णा, आमच्या मेसमधी असलीच पेटी हुती. हिला लाइट लागत न्हाई. रॉकेलवर चालती. खाली दिवा, वर बरफ."

खाली दिवा आणि वर बर्फ हे ऐकून पुढच्या सोप्यात जमलेले शेजारी हसले. मी त्यांना यंत्राबरोबर आलेल्या इंग्रजी पुस्तिकेतले तत्त्व समजावून दिले. कोणी एकही प्रश्न विचारला नाही, त्याअर्थी समजले असावे.

अव्वा, म्हणजे माझी आई, माजघराच्या उंबऱ्यावर उभी होती. तिने मात्र विचारले, "रातभर जळणार ह्यो दिवा?"

"रात्रंदिवस," मी म्हणालो.

अव्वा दिवस मावळायच्या आत जेवते आणि नंतर तिच्या खोलीत दिवा लावू देत नाही. पाखरे येऊन जळतात म्हणून. आमच्या जैन घरांत जुन्या बायकांचे नेम कडक असतात हे खरे, पण अव्वाचे जरा जास्तच. तिचे मन हळूहळू वळवावे लागेल. विज्ञानाच्या मार्गात पहिला अडथळा घरातच असतो.

१७ फेब्रुवारी

बर्फ झाला. सकाळी दार उघडले तर बर्फाचे दोन्ही साचे पांढरेशुभ्र. मी बर्फ ताटात घालून आळीत फिरवला. आमच्या घरात नेमामुळे बर्फ कोणी खात नाही, तेव्हा खायला मी आणि हंबीरराव दोघेच होतो. मी खाल्ल्याचे गुणमालेने पाहिले नाही. बायकोला सगळ्याच गोष्टी कळायला हव्यात असे नाही.

अव्वाने बर्फाकडे पाहिलेसुद्धा नाही. ती खाली वाकून दिव्याच्या खणात काहीतरी वेचत होती. मग केळीच्या पानाचा तुकडा हातात धरून ती माझ्यापुढे आली. पानावर मेलेले पतंग होते, चिलटे होती, एक मोठे हिरवे पाखरू होते. त्या पाखराचा पाय अजून हलत होता.

"हे काय रं, धनपाल?"

"कीटक प्रकाशाकडे ओढले जातात, अव्वा. निसर्गाचा नियम आहे तो."

ती पान घेऊन परसात गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

२० फेब्रुवारी

एक चांगली गोष्ट आणि एक वाईट.

चांगली ही की अव्वाचा विरोध मावळला. परवापासून तिने कपाटाविषयी चकार शब्द काढलेला नाही. उलट दिवेलागणीला मी जेवून वाचनालयात निघतो तेव्हा ती आपली जपाची माळ घेऊन सोप्यातच बसलेली असते, अगदी कपाटाजवळ. निसर्गनियमाचा खुलासा तिला पटला.

वाईट ही की परवापासून बर्फ नाही. पहिल्या दिवशी झाला तेवढाच. पाणी गार होते, पण ते माठातही होते.

पुस्तिकेच्या शेवटी "दोष आणि उपाय" असे प्रकरण आहे. शब्दकोश घेऊन बसलो. पहिलाच प्रश्न असा: ज्योत अखंड पेटलेली असते काय? असल्या बाळबोध प्रश्नांवर कागद का खर्च करतात कळत नाही. मी सकाळी उठतो तेव्हा ज्योत पेटलेली असते, दुपारी जेवायला येतो तेव्हा पेटलेली असते, संध्याकाळी निघतो तेव्हाही. रात्री मी तिकडे फिरकत नाही, कारण उगाच खण उघडून ज्योतीला वारा लावू नये असे त्याच पुस्तिकेत बजावले आहे. तो प्रश्न ओलांडून दुसऱ्यावर गेलो.

२६ फेब्रुवारी

दुसरा दोष: कपाट समपातळीत नसणे. तिरके असेल तर आतला द्रव नीट फिरत नाही आणि थंडी तयार होत नाही. आमचा सोपा सारवलेला, त्यामुळे हे कारण एकदम पटले. हंबीररावाने कपाटाच्या डोक्यावर पाण्याने भरलेले ताट ठेवले. पाणी रस्त्याच्या बाजूला सांडले. मग लाकडाच्या पाचरी मारल्या तर देवघराच्या बाजूला सांडले. सोप्यात चिखल झाला. गुणमालेने केरसुणी जरा जोराने आपटली.

अखेरीस पाणी ताटात जागच्या जागी राहिले. हंबीररावाने कपाटाला सलाम ठोकला. उद्या बर्फ होणार.

२७ फेब्रुवारी

झाला नाही.

७ मार्च

तिसरा दोष: वात आणि काजळी. वात कातरली, काच पुसली, धुराड्यात ब्रश घालून काजळी काढली. काजळी निघाली खरी. माझ्या धोतरावर आहे.

या तपासणीत एक समाधानाची गोष्ट कळली. पुस्तिकेत रॉकेलचा जो खप दिला आहे त्याच्या जेमतेम निम्मा आपल्याकडे होतो. रॉकेल परमिटावर मिळण्याच्या या दिवसांत हे भाग्यच. साहेबाकडचे हे यंत्र विशेष काटकसरी जातीचे दिसते. वाचनालयात मी हे सांगितले तेव्हा दोघांनी मान डोलावली.

मात्र घरात काडेपेट्या फार संपतात. गुणमालेला विचारले तर म्हणाली, "सरपण ओलं हाय." सकाळी तिच्या हातांना रॉकेलचा वासही येतो. माझ्या आधी उठून ती यंत्राची पुसापुशी करत असावी. मी काही न सांगता तिला त्याची गोडी लागली, याचा आनंद वाटला.

१५ मार्च

आज माझ्या यंत्राला खऱ्या अर्थाने काम मिळाले.

भिंतीपलीकडच्या अंबूमावशींना मधुमेह आहे. नवरा पलटणीत होता, तो गेला. मुलगाही पलटणीत, तो जबलपूरला. मी लहान असताना अव्वा विषमज्वराने अंथरुणाला खिळली होती, त्या पावसाळ्यात मला रोज भरवले ते या अंबूमावशींनी. त्या मराठा, आम्ही जैन. दोघींची चूल वेगळी, पण मधल्या भिंतीला एक खिडकी आहे आणि त्या दोघी गेली कित्येक वर्षे त्या खिडकीतच राहतात म्हटले तरी चालेल.

मावशींना रोज सकाळी इन्शुलिनची सुई टोचतात. औषध मुंबईहून येते आणि हल्ली तिथल्या दंग्यांमुळे ते कधी येईल याचा भरवसा नसतो. म्हणून पेठेतल्या डॉक्टरांनी उन्हाळ्याच्या बेगमीला बाटल्या आणून ठेवल्या. आजवर बाटली ओल्या वाळूच्या माठात ठेवत. मी म्हणालो, "डॉक्टर, विसावे शतक आहे. माठ कसला? माझ्याकडे ठेवा."

डॉक्टरांनी विचारले, "चालतं ना ते?"

"उत्तम," मी म्हणालो. बर्फ होत नाही एवढा बारकावा सांगण्याची ती वेळ नव्हती. आणि गारवा असतोच की.

अंबूमावशी म्हणाल्या, "धनपालच्या कपाटात माजा जीव ठिवा. पोरगं गुनाचं हाय." सगळे हसले. अव्वा हसली नाही. ती खिडकीपाशी बाटल्यांकडे पाहत होती. मग तिने विचारले, "ह्या गार लागतात व्हय?" डॉक्टर म्हणाले, हो, बऱ्यापैकी गार. "माठासारख्या?" तिने विचारले. घाईत असलेले डॉक्टर म्हणाले, "माठासारख्या, त्याहून जास्त." अव्वाने मान हलवली. तिला ते पुरले असे दिसले.

२९ मार्च

आजचा प्रसंग लिहू नये असे वाटते, पण दैनंदिनी प्रामाणिक असावी.

वाचनालयाची मंडळी बर्फ घातलेल्या सरबताला बोलावली होती. कालपर्यंत मी चौथा आणि पाचवा दोष निकालात काढला होता. चौथा म्हणजे दाराचे रबर. दारात कागद धरून दार लावायचे, कागद ओढला तर सुटता कामा नये. वर्तमानपत्राचा कागद फाटला, म्हणजे दार पक्के. पाचवा म्हणजे आत गरम जिन्नस ठेवणे. दुधाचे पातेले निवल्याशिवाय ठेवायचे नाही असे गुणमालेला बजावले. ती म्हणाली, "आवं, त्यात दूध मी ठेवतच न्हाई. नासतंय."

मंडळी आली, बसली, वारा घेत राहिली. साच्यात पाणी. ते पाणी कोमटाकडे झुकलेले. सरबत शेवटी माठातल्या पाण्याचे केले. एकजण म्हणाला, "मगदूम, दाराला कुलूप का नाही लावत? निदान कपडे तरी ठेवता येतील." मी हसलो. मंडळी समोर नसती तर हसलो नसतो.

चेष्टा होते ती माझी नाही, विज्ञानाची होते, असे मनाला सांगितले. पण ती माझी होते हे मला माहीत आहे.

८ एप्रिल

अंबूमावशी आज विहिरीपाशी चक्कर येऊन पडल्या.

गेले काही दिवस त्यांना सारखी तहान लागत होती. पायाला ठेच लागली होती ती भरत नव्हती. आज हंबीररावाने त्यांना उचलून घरात आणले. डॉक्टर आले, लघवी तपासली, कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "सुई रोज जाते, तरी साखर वाढलीय. औषधाचा जोर गेलेला दिसतो." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "तुमच्या त्या कपाटात बर्फ होतो का हो?"

मी खरे सांगितले.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. ते म्हणाले, "बंद पेटीत, दिव्याच्या वर, सांगलीच्या उन्हाळ्यात. माठ बरा होता." मी तसाच टांगा करून मिरजेला गेलो. दोन ठिकाणी नाही म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी एका ओळखीच्या कंपाउंडरने एक बाटली दिली. ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर धरून आणली. वाटेत टांगेवाला हळदीचा भाव विचारत होता, मी काय उत्तरे दिली ते आठवत नाही.

मावशी शुद्धीवर होत्या. मला पाहून म्हणाल्या, "उनाचं कशाला गेलास? टोपी तरी घालायचीस." मला तिथे थांबवेना.

९ एप्रिल

घरात काहीतरी बिनसले आहे. स्वयंपाकघरात गुणमाला रडत होती. अव्वाचा आवाज ऐकू आला, "मग मला आदीच का न्हाई सांगितलंस? मला वाटलं माठागत गार हुतंय ते बास झालं."

गुणमाला म्हणाली, "कसं सांगू? तुमचा नेम मोडा म्हणून मी सांगायचं व्हय? तुमी विझवायच्या, मी उजाडल्यावर लावायची. मला वाटलं दिवसभर तर जळतंय."

मी आत गेलो तशा दोघी गप्प झाल्या. चुलीवरून भांडण दिसते. ओले सरपण हे मूळ कारण असावे, काडेपेट्यांचाही त्याच्याशी संबंध आहे. मी गुणमालेला उद्या वाळके सरपण आणून देतो म्हटले. तिने पदराने डोळे पुसले आणि "बरं" म्हणाली.

अव्वा आज जेवली नाही.

११ एप्रिल

अव्वा सकाळी बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, गेली ती दुपारी आली. तिथल्या पंडितांना काही विचारायचे होते म्हणे. काय सांगितले असे विचारल्यावर म्हणाली, "लय सांगितलं. पोथीतलं सगळं सांगितलं. अंबूच्या पायाचं काय ते न्हाई सांगितलं."

दुपारी ती खिडकीत बसली होती. पलीकडे अंबूमावशी पाय उशीवर ठेवून पडल्या होत्या. मी माजघरात हिशेबाला बसलो होतो, कानावर आले ते असे:

"आक्का, माज्या पायापायी तुमी पाप घेऊ नगा. मी माठात ठिवीन. माठात काय वंगाळ हाय?"

"डॉक्टर म्हनला, वैशाखात माठावर भरवसा न्हाई. बाटल्या आल्या तवाच घ्यायच्या आन् गारच ठिवायच्या."

"मग माजं झालंय की वय."

"गप बस."

"तुमी चिलीट मारत न्हाई, आन् माज्यासाठी..."

"मारनार न्हाईच की मी," अव्वा म्हणाली. "बघते मी."

यंत्र निकामी ठरल्यामुळे आता दोघी डासांचा बंदोबस्त कसा करावा याचा विचार करू लागल्या आहेत, असे दिसते. वय झाले की माणसाचे लक्ष एका विषयावर टिकत नाही.

माझे मात्र टिकून आहे. मावशींच्या औषधाला जागा हवी. पुस्तिकेत आता एकच दोष उरला आहे.

१२ एप्रिल

शेवटचा उपाय: यंत्र बरेच दिवस रुसले असेल तर ते उलटे करून ठेवावे, म्हणजे आत कोंडलेला वायू मोकळा होतो. पुस्तिकेत हे बारीक अक्षरात आहे. मी हंबीररावाला वाचून दाखवले तेव्हा तो उसळून म्हणाला, "आण्णा, ह्येच मी पयल्यापास्नं सांगनार हुतो. इराकात आमी दर रोज उलटी करायचो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी पुस्तक वाचत हुता."

मार्केट यार्डातले हमाल बोलावले. टाकीतले रॉकेल आधी काढायचे हे हंबीरराव विसरला आणि मीही. सोप्यात रॉकेलचा ओढा वाहिला. दिवसभर कपाट डोक्यावर उभे होते. रस्त्याने जाणारे लोक थांबून पाहत होते. एका म्हाताऱ्याने चौकशी केली, "गेलं का?" संध्याकाळी पुन्हा सुलटे केले, पाण्याचे ताट ठेवून पातळी पाहिली, वात पेटवली. मला आता कशाचीच खात्री वाटत नाही. रात्री वाचनालयात गेलो नाही. थकून लवकर झोपलो.

मैद्याची चाळण हरवली आहे असे गुणमाला म्हणते. मी म्हटले, आजच्या दिवशी मला चाळण सांगू नकोस.

१३ एप्रिल

बर्फ.

दोन्ही साचे. वरच्या नळीवर पांढरे शेवाळ आल्यासारखा हिमाचा थर. मी हात लावून पाहिले, पुन्हा लावून पाहिले. हंबीररावाला हाक मारली, त्याने सलाम ठोकला. मग मी खिडकीपाशी जाऊन "मावशी, बर्फ" एवढेच म्हणालो. त्या म्हणाल्या, "बरं झालं, लेकरा. आता टोपी घाल आन् डॉक्टरला सांगून ये."

उलटे करण्याच्या पद्धतीने हे साधले यात शंका नाही. आणखी एक शोध लागला. बर्नरभोवती अतिशय बारीक पितळी जाळी आहे, ती मी इतक्या दिवसांत पाहिलीच नव्हती. कीटकही आत जाऊ नयेत याची परदेशी कारागिरांनी किती काळजी घेतली आहे! तारेने नीट गुंडाळली आहे, थोडी ओबडधोबड, पण मजबूत. आपल्याकडे असा विचार कोण करतो?

हे मी अव्वाला मुद्दाम दाखवले. तिचे डोळे लाल होते. "हां," ती म्हणाली, "दिसली व्हय तुला."

२१ एप्रिल

आता रोज बर्फ. डॉक्टरांनी स्वतः येऊन पाहिले, थंडी मोजायची काडी आत ठेवून पाहिली आणि नव्या बाटल्या ठेवल्या. बाटली बर्फाच्या खणात ठेवू नका, खालच्या फळीवर ठेवा, असे सांगून गेले. अंबूमावशींचा पाय सुकतो आहे. आज त्या काठी टेकत खिडकीपर्यंत आल्या.

रॉकेलचा खप मात्र दुपटीने वाढला. उलटे केल्याने काटकसर गेली. प्रत्येक उपायाची काहीतरी किंमत असतेच.

अव्वाने अंथरूण सोप्यात आणले आहे, कपाटाच्या अगदी बुडाशी. यंत्राचा गारवा तिला मानवला असणार. आयुष्यभर गैरसोय सोसलेल्या बाईला उतारवयात एवढे सुख मिळाले याचे मला समाधान वाटते. खरे तर कपाटाच्या मागून गरम हवा येते, गार नाही. पण तिला ते कळू नये म्हणून मी बोललो नाही. दुपारी ती फार झोपते. सुखाची सवय लवकर लागते.

३ मे

काल वळीव येऊन गेला. अशा वेळी जमिनीतून वाळवीची पाखरे निघतात आणि दिवा दिसेल तिथे झुंबड करतात. मी दार लावून झोपलो होतो. सकाळी सोप्यात पाहतो तर सगळीकडे पंखच पंख. पाखरू मात्र एकही नाही, मेलेले नाही की जिवंत नाही. ती गेली कुठे कळेना. रस्त्याच्या बाजूला दार उघडे होते आणि ओसरीच्या टोकाला एक कंदील तेवत होता. त्याच्यावर परातीएवढी जाळीची टोपली पालथी घातलेली. कोणी ठेवला कोण जाणे. रॉकेलची ही उधळपट्टी थांबवली पाहिजे.

अव्वा भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर पाणी गाळायचे पांढरे फडके, त्यालाही पंख चिकटलेले. मान एका बाजूला कलली होती. मी घाबरून तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. "रात्री थंडी बाधली का?" मी विचारले.

"न्हाई. पाहुनं लय आलं हुतं," ती म्हणाली. "समद्यास्नी वाटंला लावलं."

गुणमालेने तिला उचलून आत नेले. हल्ली गुणमालाही आळीपाळीने सोप्यात झोपते. सासू-सुनेचे पटू लागले आहे. यंत्र घरात आले की असे अनपेक्षित फायदे होतात.

११ मे

वाचनालयात माझे भाषण झाले. विषय: "गृहोपयोगी शीतयंत्रांतील दोष व त्यांचे निवारण." कुलपाची चेष्टा करणारे गृहस्थ पहिल्या रांगेत होते. पातळी, वात, काजळी, रबर आणि शेवटी उलटे करण्याची पद्धत असा क्रम मी मांडला. ज्योत अखंड पेटलेली असते काय, या प्रश्नाचा उल्लेख करून तो किती निरर्थक आहे हे सांगितले तेव्हा लोक मनापासून हसले. मी निघताना अंबूमावशींनी खिडकीतून दृष्ट काढली होती. त्या आता विहिरीवर जाऊ लागल्या आहेत.

भाषणाची बातमी आष्ट्यापर्यंत गेली. तिथले मोठे ऊसबागायतदार लालासाहेब यांनी असेच एक कपाट घेतले आहे आणि ते चालत नाही. त्यांनी गाडी पाठवतो म्हणून निरोप दिला आहे.

२५ मे

आष्ट्याहून आत्ता परत आलो. अंगात त्राण नाही.

लालासाहेबांनी आदरसत्कार उत्तम केला. यंत्र आमच्यासारखेच, त्याहून नवे. त्यांच्या पत्नी शालूबाई डोक्यावर पदर घेऊन दारात उभ्या राहून सगळे पाहत होत्या. मी आणि हंबीररावाने एकेक दोष तपासला. पातळी ठीक. वात कातरली. रबर पक्के. मग उसाच्या गाडीवरचे गडी बोलावून कपाट उलटे केले. रात्री तिथेच मुक्काम केला, सकाळी सुलटे करून पेटवले, दुसरी रात्रही काढली. बर्फ नाही. लालासाहेब सौजन्याने म्हणाले, "आसंल, आसंल. उसाच्या रसाला बरफ लागतच न्हाई तसा." शालूबाई हळूच म्हणाल्या, "आवं, रातच्याला वाड्यात वारं लय सुटतंय. दिवा विझत तर नसंल?" मी त्यांना समजावले की तो प्रश्न फार प्राथमिक आहे.

घरी आलो तेव्हा अव्वा जेवून माळ घेऊन बसली होती. गुणमाला तिच्या पायाला तेल लावत होती आणि खिडकीत अंबूमावशी होत्या. मनात खुपत होते म्हणून सहज बोललो, की सगळे नियमाप्रमाणे केले, तरी लालासाहेबांकडे बर्फ होत नाही.

अव्वाने विचारले, "तितं रातचं त्याच्यापाशी कोन बसतं?"

"यंत्रापाशी कोणी बसावं लागत नाही, अव्वा."

"आसं," ती म्हणाली.

खिडकीत अंबूमावशींना एवढा ठसका लागला की गुणमाला पाणी घेऊन धावली. मी लालासाहेबांना कळवणार आहे की आष्ट्याची हवाच निराळी आहे. वारणेच्या बाजूच्या दमट वाऱ्याचा यंत्रावर परिणाम होत असावा. याहून दुसरे कारण शास्त्राला दिसत नाही.

आज उकाडा फार आहे. अव्वा उशी घेऊन सोप्यात निघाली, तेव्हा मी म्हणालो, "तू आज आत पलंगावर झोप. कपाटापाशी मी झोपतो."

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. लहानपणानंतर तिने असे कधी केले नव्हते.

"नगो, बाळा," ती म्हणाली. "तुला झोप लागती."